विश्लेषण : नकाशा संगणकावर आला, पण तो वापरायला शिकवणार कोण?

जीआयएस अर्थात भौगोलिक माहिती प्रणालीच्या प्रसारात व्यावसायिक संघटनांची भूमिका काय? भारतात ती आताच का महत्त्वाची ठरते आहे?

ऑगस्ट २००५. ‘कतरिना’ चक्रीवादळाने अमेरिकेचा दक्षिण किनारा उद्ध्वस्त केला. अडकलेले लोक मदतीसाठी घराचा पत्ता सांगत होते. पण पाट्या वाहून गेलेल्या, रस्ते पाण्याखाली गेलेले. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला गल्ली आणि घर क्रमांक काय उपयोगाचा? त्याला हवे होते अक्षांश-रेखांश. मिसिसिपी राज्यात जीआयएसच्या जाणकारांनी पत्त्यांचे हे रूपांतर करून बचाव पथकांना दिले. त्यांत ‘जीआयएसकॉर्प्स’चे स्वयंसेवकही होते. त्यांना कोणत्याही सरकारी खात्याने नेमले नव्हते; त्यांच्यामागे एक व्यावसायिक संघटना उभी होती.

जीआयएस म्हणजे नेमके काय?

जमिनीवरील प्रत्येक गोष्टीला ठिकाण असते. रस्ते, विहिरी, जलवाहिन्या, शाळा, पूररेषा यांची माहिती ठिकाणाशी जोडून एकावर एक थरांत मांडणारी संगणकीय प्रणाली म्हणजे जीआयएस. पूररेषेचा थर शाळांच्या थरावर ठेवला, की कोणत्या शाळा पाण्यात जातील ते लगेच कळते. १९६०च्या दशकात कॅनडात जमिनीच्या वापराची नोंद करताना रॉजर टॉमलिन्सन यांनी अशी पहिली मोठी प्रणाली उभारली.

संघटनेची गरज का पडली?

शहरांकडे माहिती होती, पण प्रत्येक खात्याची वही वेगळी. ही माहिती संगणकावर कशी आणावी, या प्रश्नावर १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे एक परिषद झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक एडगर हॉरवुड यांच्या पुढाकारातून ‘युरिसा’ ही नागरी व प्रादेशिक माहिती प्रणालींची संघटना आकाराला आली. पुढे तिच्या प्रादेशिक शाखा निघाल्या. बड्या महानगराच्या तज्ज्ञापेक्षा शेजारच्या लहान गावातील कर्मचाऱ्याचा अनुभव अनेकदा अधिक कामाचा असतो, हे या शाखांचे बळ.

संघटना करते काय?

प्रशिक्षण, परिषदा आणि अनुभवांची देवाणघेवाण ही नेहमीची कामे. त्यापलीकडे दोन महत्त्वाची. पहिले, दर्जा ठरवणे. युरिसाने २००३ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. तिच्याच पुढाकारातून जीआयएस व्यावसायिकांसाठी प्रमाणपत्राची पद्धत आली. त्यासाठी शिक्षण, अनुभव आणि व्यवसायाला दिलेले योगदान पाहिले जाते. २०१५ पासून परीक्षाही द्यावी लागते. दुसरे काम सेवेचे. २००३ मध्येच स्थापन झालेल्या जीआयएसकॉर्प्समार्फत जाणकार आपत्तीच्या वेळी विनामूल्य मदत करतात.

भारतात काय स्थिती आहे?

‘इंडियन सोसायटी ऑफ जिओमॅटिक्स’ ही संस्था १९९३ पासून अहमदाबादेतून काम करते. पुणे आणि मुंबईतही तिच्या शाखा आहेत. मात्र, दीर्घकाळ नकाशांवर परवानग्यांचे कुलूप होते. फेब्रुवारी २०२१ मधील केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्या आणि संस्थांसाठी ते बऱ्याच अंशी उघडले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणांचे नकाशे तयार होत आहेत. महाराष्ट्रात याची सुरुवात पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावातील प्रायोगिक मोजणीने झाली होती.

मग अडचण कुठे?

नकाशा एकदा काढून भागत नाही. नवे घर बांधले जाते, जलवाहिनी बदलते, ओढा बुजवला जातो. नोंद अद्ययावत झाली नाही, तर देखणा नकाशाही चुकीचा निर्णय घ्यायला लावतो. काम ठेकेदाराने केले आणि तो निघून गेला, किंवा शिकलेला कर्मचारी बदलून गेला, तर ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. ते कार्यालयाबाहेर जपून पुढच्या माणसाच्या हाती देणे, हे संघटनेच्या स्थानिक शाखेला जमू शकते.

त्यासाठी शाखांच्या बैठकांत केवळ प्राध्यापक आणि कंपन्या असून चालणार नाही. भूकरमापक, पालिकेचा अभियंता आणि ग्रामसेवकही तिथे हवेत. पूर आल्यावर ओढा नेमका कुठून वाहतो, हे सांगायची वेळ त्यांच्यावरच येणार आहे.