एका टोपलीतली रानभाजी



आज बोलूया मनातल्या अढीबद्दल. एखाद्या वस्तीविषयी आपलं मत बहुतेक वेळा तिथे न जाताच बनलेलं असतं. “त्या बायका गटात नकोत, हप्ता बुडवतील,” असं कुणी म्हणतं आणि ते पुढे चालत राहतं. त्याचा फटका मात्र खरा बसतो. कातकरी वाडीतली बाई बचत गटाबाहेर राहिली की अडीनडीला वीटभट्टीची उचल घेते, आणि ती फेडायला सहा-सहा महिने घरदार भट्टीवर जातं. मुलांची शाळा सुटते ती वेगळीच.

अढी भाषणानं जात नाही. नुसतं एकत्र बसवूनही जात नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या अभ्यासकानं अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं रानात शिबिर घेतलं. मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात सामने लावले. थोड्याच दिवसांत शिवीगाळ आणि एकमेकांचे झेंडे जाळणं सुरू झालं. जेवायला एकत्र बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग शिबिराचं पाणी बंद पडलं. टाकी डोंगरावर होती. दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला. पुढे अडलेला ट्रक सगळ्यांनी मिळून दोरानं ओढला. अशी कामं होत गेली तसं वैर ओसरलं.

आपल्या देशातही असंच दिसलं. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे मिश्र क्रिकेट संघ केले. एका संघातून खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. समोरासमोर स्पर्धक म्हणून उभं राहिल्यानं तो गुण आला नाही.

म्हणजे गरज आहे ती एका बाजूनं, बरोबरीनं करायच्या कामाची. आपल्याकडे त्याला सोपी वाट आहे, रानभाजीची. मृगाचा पाऊस पडला की शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. हे ज्ञान वाडीतल्या बायकांकडे आहे. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालतात. सारख्या दिसणाऱ्या दोन पानांतलं खायचं कुठलं, हे त्या चालता चालता सांगतात. एरवी आपल्या ओटीखाली उभी राहणारी बाई इथे पुढे चालते आणि आपण तिला विचारत मागून जातो. बरोबरी तिथून सुरू होते.

आमच्या एका फेरीत मधेच जोराची सर आली. एका प्लास्टिकच्या कागदाखाली गावातल्या काकू आणि वाडीतली एक सून अर्धा तास खेटून उभ्या होत्या. बोलणं निघालं ते सांधेदुखीचं आणि सुनेच्या तान्ह्या बाळाचं. पाऊस थांबल्यावर काकूंनी तिच्याच बाटलीतलं पाणी मागितलं. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं.

तुम्हाला अशी फेरी काढायची असेल, तर एवढं सांभाळा. दोन्हीकडच्या बायका सारख्याच संख्येनं असाव्यात, आणि गावातली एक, वाडीतली एक अशा जोड्या लावा. जास्त भाजी कोणाची, अशी चढाओढ लावू नका. वाट दाखवणारीचा दिवस बुडतो, म्हणून तिची मजुरी आधीच ठरवून द्या. कंद उपटू नका, कोवळा पालाच खुडा. ओळख पटली नाही ते पान टोपलीत नको. भाजी एकत्र निवडा, एकाच चुलीवर शिजवा, एकाच पंगतीत जेवा. सरपंचताई, अंगणवाडीताई सोबत आल्या तर कुरबुर करणाऱ्यांचं तोंड बंद होतं.

आणि एका फेरीवर थांबू नका. एका दिवसात एक बाई आवडते, पण “ती वेगळी, बाकीच्या तशाच” असं मन म्हणतं. तीन-चार फेऱ्या झाल्या, चार-सहा जणींची नावं तोंडात बसली, की ते म्हणणं टिकत नाही.

अस्पृश्यता तर संविधानाच्या कलम १७ नं कधीच बंद केली आहे. कुणी अडवलं तर कायदा आहेच. पण गटाच्या वहीत नवं नाव लिहायचं ते आपल्याच हातानं. पुढच्या बैठकीत फेरीचा दिवस ठरवा, आणि त्याच बैठकीत विचारा: वाडीतल्या किती जणी आपल्या गटात आहेत?