यकृताच्या कर्करोगाची पूर्वसूचना

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणाऱ्या पाण्याचा साठा मरोदा येथील जलाशयात केला जातो. पातळी उतरली म्हणजे पाणी आत सोडावयाचे आणि तलाव भरला म्हणजे दार मिटावयाचे, हा कोणत्याही जलाशयाचा साधा नियम होय. दार उघडणे जितके अगत्याचे, तितकेच ते वेळेवर मिटणेही अगत्याचे असते. मनुष्याच्या शरीरात यकृताची वाढ अशाच नियमाने चालते. हा नियम ढळला म्हणजे काय घडते, हे यकृताच्या कर्करोगाकडे पाहिले असता कळून येते.

झीज भरून काढण्याची यकृताची शक्ती विलक्षण आहे. १९३१ साली हिगिन्स व अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी उंदराच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढून टाकला. उरलेला भाग वाढत जाऊन थोड्याच दिवसांत यकृताचे वजन जवळजवळ पूर्ववत झाले आणि मग वाढ आपोआप थांबली. वाढ सुरू करणारे आणि थांबविणारे कोण, हा प्रश्न तेव्हापासून शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर पुढे वृद्धिघटकांच्या शोधातून मिळू लागले. वृद्धिघटक ही पेशींनी स्रवलेली प्रथिने होत. ती दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राही रेणूला चिकटतात आणि त्या पेशीला विभाजनाचा संदेश देतात. अशा घटकांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रीटा लेव्ही-मोंटालचीनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या बाबतीत ‘यकृतपेशी-वृद्धिघटक’ आणि ‘परिवर्तक वृद्धिघटक आल्फा’ हे वाढीला चालना देतात. ‘परिवर्तक वृद्धिघटक बीटा’ हा निरोगी यकृतात वाढीला आवर घालतो. पहिले दोन दार उघडणारे, तर तिसरा ते मिटणारा, असे म्हणता येईल.

परंतु इजा एकदाच न होता वर्षानुवर्षे होत राहिली तर? ब व क प्रकारच्या कावीळ-विषाणूंचा दीर्घकाळचा संसर्ग, अतिमद्यपान, तसेच दमट जागी साठविलेल्या भुईमूग व मका यांवर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष, ही अशा इजेची प्रमुख कारणे होत. पेशी मरतात, नव्या निर्माण होतात, त्याही मरतात. अशा अखंड विभाजनात पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात चुका साचत जातात. यकृतात तंतूंचे जाळे वाढून ते कठीण बनते. वाढीचा संदेश थांबत नाही, आणि आवर घालणाऱ्या संदेशाला काही पेशी दाद देईनाशा होतात. १९९० साली अमेरिकेत परिवर्तक वृद्धिघटक आल्फा प्रमाणाबाहेर निर्माण करणारे उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या यकृतात अर्बुदे उद्भवली.

आणखी एक लक्षणीय गोष्ट अशी की, रोगट पेशी गर्भावस्थेतील सवयींकडे वळतात. इन्सुलिनसदृश वृद्धिघटक दोन हा गर्भाच्या यकृतात विपुल असतो, जन्मानंतर तेथे तो ओसरतो आणि अनेक यकृत-अर्बुदांत पुन्हा प्रकट होतो. मॉस्को येथे गारी आबेलेव्ह यांनी १९६३ साली यकृताचे अर्बुद झालेल्या उंदरांच्या रक्तात असेच एक गर्भकालीन प्रथिन दाखवून दिले. पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते यकृताचा कर्करोग झालेल्या मनुष्याच्या रक्तात आढळले. आल्फा-फीटोप्रोटीन या नावाने त्याची तपासणी आजही केली जाते.

या खुणा कितपत विश्वसनीय आहेत? आल्फा-फीटोप्रोटीन नुसत्या यकृतदाहातही वाढते, आणि अनेक लहान अर्बुदांत ते वाढतही नाही. वृद्धिघटकांचेही तसेच आहे. जखम भरून येत असतानाही त्यांचे प्रमाण चढते. म्हणून त्यांच्यावरील संशोधन महत्त्वाचे असले, तरी केवळ त्यांच्या मोजमापावरून रोगनिदान करण्याची पद्धत रूढ झालेली नाही. यकृत कठीण झालेल्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासणी करावी आणि जोडीला आल्फा-फीटोप्रोटीन मोजावे, हीच पद्धत प्रचलित आहे. अर्बुद लहान असतानाच सापडले तर शस्त्रक्रियेने रोगी बरा होण्याची आशा असते. उशीर झाला तर ती मावळते. २०२२ साली जगात या रोगाने साडेसात लाखांहून अधिक माणसे दगावली.

मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाचा संबंध लोकांच्या सवयींशी व राहणीशी जोडून पाहिला होता. यकृताच्या बाबतीत ही दृष्टी विशेष उपयोगी ठरते, कारण त्याच्या कर्करोगाची बरीच कारणे टाळता येण्याजोगी आहेत. तैवानने १९८४ साली नवजात अर्भकांना ब-कावीळ प्रतिबंधक लस देण्यास प्रारंभ केला आणि पुढे तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटले. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणातही ही लस आता समाविष्ट असून तिची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते. धान्य कोरडे ठेवणे, बुरशी आलेले दाणे टाकून देणे आणि मद्यापासून दूर राहणे हे उपाय तर प्रत्येक घराच्या हातचे आहेत. पूर आल्यावर दार मिटण्यासाठी धावण्यापेक्षा बांधाची वेळीच डागडुजी करणे केव्हाही श्रेयस्कर.