भूगोल हरवलेलं फुटबॉल

कॅलिफोर्नियातल्या पासाडीना शहरात दरवर्षी नववर्षाच्या सुमारास ‘रोझ बोल’ नावाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना होतो. पहिला सामना १९०२ सालचा. १९४७ पासून पुढची पन्नासेक वर्षं त्यात कोण खेळणार हे करारानेच ठरलेलं असे. एका बाजूला ओहायो, मिशिगन, इलिनॉय अशा मध्य-पश्चिमेतल्या राज्यांमधल्या विद्यापीठांचा ‘बिग टेन’ गट आणि त्याचा विजेता, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गटाचा विजेता. हिमवर्षावातून निघून आलेले लोक आणि समुद्रकाठचे लोक वर्षातून एकदा समोरासमोर येत, आणि त्या भेटीतच सामन्याचा अर्थ होता.

१ जानेवारी २०२५ रोजी याच मैदानात ओहायो स्टेट आणि ओरेगन उतरले. वरवर पाहता जुनाच थाट. पण ओरेगन त्या दिवशी पॅसिफिकचा प्रतिनिधी नव्हता, तो बिग टेनचा विजेता होता. दोन्ही संघ एकाच गटातले. ऑक्टोबरमध्ये ओरेगनने आपल्या युजीन गावी ओहायो स्टेटला ३२-३१ असं हरवलंही होतं. रोझ बोलमध्ये ओहायो स्टेटने ४१-२१ असा बदला घेतला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. पॅसिफिकचा गट त्याआधीच मोडून पडला होता.

अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसारखं काही नव्हे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता एक लाख सात हजारांच्या वर आहे आणि शनिवारी ते भरतं. सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक विद्यापीठं आहेत, आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला सामने येतात साधारण बारा. एवढ्या संघांत एवढ्या थोड्या सामन्यांतून श्रेष्ठ कोण हे ठरवायचं तर मधे एक पायरी लागते. ती पायरी म्हणजे कॉन्फरन्स, म्हणजेच विद्यापीठांचा गट. रणजी करंडक अनेक दशकं विभागवार खेळला जायचा, मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र आधी आपसांत झुंजायचे, तशीच ही रचना. बिग टेन १८९६ साली जन्माला आली, पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट १९१५ साली. रेल्वेने जाऊन-येऊन सोमवारी पुन्हा वर्गात बसता येईल एवढ्या अंतरातले शेजारी एकत्र आले होते.

हा भूगोल मोडायला सुरुवात झाली ती न्यायालयात. ‘एनसीएए’ ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय नियामक संस्था टीव्हीचे हक्क आपल्या मुठीत ठेवत असे, कोणता संघ किती वेळा दिसणार हेही तीच ठरवी. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला. २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. विरोधात मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते. ते स्वतः कोलोरॅडोकडून खेळलेले नामांकित फुटबॉलपटू. हा खेळ विद्यापीठाच्या शिक्षणकार्याचा भाग आहे, त्याला निव्वळ व्यापाराच्या मापाने मोजू नये, असा त्यांच्या मतभेदाचा रोख होता. आज ते भिन्नमत वाचताना जाणवतं की मैदान पाहिलेल्या माणसाला पुढचं दिसलं होतं.

निकालानंतर टीव्हीशी सौदा करणारा विक्रेता बदलला. आता कॉन्फरन्सच माल विकू लागली, आणि माल महाग व्हायचा तर जास्त शहरं, जास्त घरं हवीत. १९९१ साली आर्कान्सा साउथवेस्ट कॉन्फरन्स सोडून दक्षिणेतल्या एसईसीत गेलं. एसईसीची बारा विद्यापीठं झाली, दोन विभाग पडले आणि १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचा अंतिम सामना भरवला. त्या एका सामन्याने टीव्हीचा पैसा आणला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. १९१४ पासूनची साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये बंद झाली. टेक्सासमधली चार मोठी विद्यापीठं नव्या ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये गेली, उरलेल्यांची पांगापांग झाली.

केबलच्या काळात गणित आणखी उघडं झालं. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी काढली. ज्या राज्यात आपला सदस्य, तिथे दर घरामागे वाहिनीचं शुल्क जास्त मिळतं. २०१४ मध्ये न्यू जर्सीतलं रटगर्स आणि मेरीलँड बिग टेनमध्ये घेतले गेले ते न्यूयॉर्क आणि राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातल्या घरांवर डोळा ठेवून. न्यू जर्सीच्या एडिसन-पिस्कॅटवे भागात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. रटगर्सचं स्टेडियम पिस्कॅटवेतच, आणि कित्येक मराठी घरांतली मुलं तिथेच शिकतात. फुटबॉलचा एकही सामना न पाहणारी घरंसुद्धा केबलच्या बिलातून या विस्ताराची किंमत मोजत होती.

मग आला खरा भूकंप. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी एसईसीकडे जायचं ठरवलं. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन विद्यापीठं बिग टेनकडे निघाली. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला. त्याची किंमत सात अब्ज डॉलरहून अधिक असल्याच्या बातम्या होत्या. पॅसिफिक गटाच्या हाती मात्र धड टीव्ही करार लागेना, शेवटी ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव तेवढा उरला. कोलोरॅडो आधीच गेलं होतं. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनीही गट सोडला. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसीत जागा मिळाली. बिग टेनची अठरा विद्यापीठं झाली, एसईसी आणि बिग ट्वेल्व्हची प्रत्येकी सोळा.

बर्कली आणि स्टॅनफर्डबरोबर एसीसीत तिसरं एक विद्यापीठ आलं. डॅलसचं सदर्न मेथडिस्ट, म्हणजे एसएमयू. त्याची कथा ऐकल्याशिवाय या पळापळीमागची भीती कळत नाही. १९८० च्या दशकात साउथवेस्ट कॉन्फरन्समधला हा बलाढ्य संघ. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल एनसीएएने त्याचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द केला, १९८८ मध्ये संघ उभाच राहू शकला नाही. पुढे कॉन्फरन्सही मोडली आणि मोठ्यांनी त्याला मागेच टाकलं. सत्तावीस वर्षं दुय्यम गटांत काढल्यावर पुन्हा वर येण्यासाठी या विद्यापीठाने एसीसीच्या टीव्ही उत्पन्नातला वाटा नऊ वर्षं सोडून द्यायची तयारी दाखवली. खर्चाचा भार श्रीमंत देणगीदारांनी उचलायचा. २०२४ च्या पहिल्याच हंगामात संघाने गटातले आठही सामने जिंकले, गटाचा अंतिम सामना क्लेमसनकडून ३४-३१ असा निसटता हरला, तरी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये पोचला. ज्या गुन्ह्यासाठी त्यांचा संघ संपवला होता तो आता गुन्हाच नाही. जून २०२५ मध्ये संघराज्य न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना उघडपणे पैसे देतात. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, एका विद्यापीठाला त्यासाठी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची मुभा होती. असा खर्च अंगावर आल्यावर मोठ्या गटाबाहेर राहणं म्हणजे हळूहळू बुडणं, हे प्रत्येक कुलगुरूला दिसतं. म्हणून पळणाऱ्या विद्यापीठांना मी सरसकट लोभी म्हणणार नाही. वाटणी कुणी आणि कशी करायची याचे नियम नसल्याने ही वेळ आली.

याची झळ वेळापत्रकाला बसली. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट हा सामना १९०४ पासूनचा. पहिल्या सामन्यात, गथ्री गावी, वाऱ्याने चेंडू थंडगार ओढ्यात नेला आणि दोन्ही संघांचे खेळाडू त्यामागे पाण्यात उतरले. ओक्लाहोमाच्या खेळाडूने तो काठावर आणून गुण मिळवला. असे किस्से आजोबा नातवंडांना सांगतात तेव्हाच तो सामना त्या राज्याचा होतो. ४ नोव्हेंबर २०२३ रोजी स्टिलवॉटरला ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ असा विजय मिळवला आणि ती मालिका थांबली. वेगळ्या कॉन्फरन्स, वेगळी वेळापत्रकं, त्यात शेजाऱ्यासाठी तारीख उरली नाही. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा १८९४ पासूनचा सामना याच कारणाने २०११ नंतर बंद पडला होता. दोघं एसईसीत पुन्हा एकत्र आल्यामुळे ३० नोव्हेंबर २०२४ रोजी तो परत खेळला गेला. म्हणजे पुनर्रचनेने एक तुटलेलं नातं जोडलंही. हे मान्य करायलाच हवं, पण जे तोडलं होतं तेही तिनेच.

दुसरीकडे नवे प्रवास आले. २७ सप्टेंबर २०२४ च्या शुक्रवारी रात्री सिएटलचा वॉशिंग्टन संघ सुमारे ३,८०० किलोमीटर उडून रटगर्सशी खेळला आणि २१-१८ असा हरला. फुटबॉलच्या संघाला चार्टर विमान मिळतं, असे दूरचे प्रवास हंगामात चार-दोनदाच होतात. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुलामुलींचं तसं नाही. त्यांचे सामने आठवड्याच्या मधेही असतात, आणि फुटबॉलने केलेल्या सौद्याबरोबर त्यांचंही वेळापत्रक देशभर पसरलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत चीड आणणारी बाब हीच आहे. या मुलांच्या सामन्यांसाठी कुणी अब्जावधी मोजलेले नाहीत, त्यांना विचारलंही नाही, आणि बुडणारे तास त्यांचे आहेत.

आता प्लेऑफ. २०१४ ते २०२३ चार संघ निवडले जात. निवड तेरा जणांची समिती करते. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराही सामने जिंकले, गटाचं विजेतेपद मिळवलं, तरी क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाल्याने समितीने त्याला वगळून एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. मैदानावरचा निकाल खोलीत बसून फिरवला गेला, असंच मी याला म्हणेन. २०२४ पासून संघ बारा झाले, पहिली फेरी विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवर आली. हा बदल मला मनापासून आवडतो. ॲरिझोना स्टेट हंगामाआधीच्या अंदाजात बिग ट्वेल्व्हमध्ये शेवटच्या क्रमांकावर होता. तो गट जिंकून थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि टेक्सासशी दुसऱ्या जादा डावापर्यंत लढला. चार जागांच्या काळात हे घडलं नसतं.

पण बारा जागा द्यायच्या कुणाला, हा प्रश्न गट मोठे झाल्याने अवघड झाला. अठरा संघांच्या गटात प्रत्येकाचे गटांतर्गत सामने नऊच, म्हणजे आठ संघांशी गाठच पडत नाही. २०२२ मध्ये नियम शिथिल झाल्यावर विभागही मोडीत निघाले. त्याचं फळ २०२५ मध्ये एसीसीत दिसलं. सतरा संघांच्या या गटात पाच संघ ६-२ अशा कामगिरीवर दुसऱ्या स्थानासाठी बरोबरीत आले. ते सगळे एकमेकांशी खेळलेले नव्हते, म्हणून प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या टक्केवारीवरून ड्यूकला अंतिम सामना मिळाला. हंगामात पाच पराभव झालेल्या ड्यूकने व्हर्जिनियाला हरवून विजेतेपदही पटकावलं. तेव्हा प्लेऑफमध्ये पाच जागा सर्वोच्च मानांकित गटविजेत्यांच्या होत्या. समितीने ड्यूकच्या वर ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन या छोट्या गटांतल्या विजेत्यांना ठेवलं. स्वतःच्या गटाच्या अंतिम सामन्यातही नसलेला मायामी समितीच्या निवडीने आत आला आणि थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे इंडियानाने त्याला हरवून आपलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मायामीने आपली लायकी मैदानावर दाखवली, यात शंका नाही. पण मग गटाचं विजेतेपद कशाचा पुरावा उरलं? पूर्वी ते बहुतेकांशी खेळून मिळायचं. आता वेळापत्रकात कोण वाट्याला आला यावरून मिळतं, आणि उरलेला निवाडा समिती करते.

पॅसिफिक गटात शेवटी दोनच विद्यापीठं उरली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांची गावं कॉर्व्हालिस आणि पुलमन. पुलमनची वस्ती विद्यार्थ्यांसकट तीसेक हजार, गव्हाच्या शेतांमधलं हे गाव. टीव्हीच्या बाजाराला तिथे घरं दिसत नाहीत. ओरेगन स्टेटने स्टेडियमचं सुमारे सोळा कोटी डॉलरचं नूतनीकरण पुरं केलं त्याच हंगामात गट मोडला. दोघांनी न्यायालयात जाऊन गटाचं नियंत्रण आणि मालमत्ता तरी राखली. वॉशिंग्टन स्टेटचा वॉशिंग्टनशी होणारा ‘ॲपल कप’ हा सामना पूर्वी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातला हंगामाचा कळस. २०२४ मध्ये तो १४ सप्टेंबरला सरकला, आणि वॉशिंग्टन स्टेटने तो २४-१९ असा जिंकला. २०२५ मध्ये वेळापत्रक भरायला संघच मिळेनात, म्हणून हे दोघं एकाच नोव्हेंबर महिन्यात एकमेकांशी दोनदा खेळले.

बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट यांना घेऊन पॅक-ट्वेल्व्ह, म्हणजे हाच पॅसिफिक गट, पुन्हा उभा करण्याची तारीख या दोघांनी १ जुलै २०२६ ठरवली. एक टेक्सास स्टेट सोडलं तर बाकीचे सगळे पश्चिमेतलेच शेजारी.

मग करायचं काय? फुटबॉलला हवं तर त्याचे देशव्यापी गट करू द्या, त्याचा पैसा त्याच्याकडे. पण बाकीचे सगळे खेळ जुन्या प्रादेशिक गटांत परत आणा, आणि शेजारच्या विद्यापीठाशी वर्षातला एक फुटबॉल सामना प्रत्येकाला बंधनकारक करा. यासाठी कुठल्याही टीव्ही कंपनीची परवानगी लागत नाही. विद्यापीठांच्या अध्यक्षांनी एका बैठकीत ठरवलं तर पुढच्या करारांमध्ये हे कलम घालता येईल.