मागच्या काचेची रबरपट्टी

मृग जवळ आला की पेडणे महालात घरोघर कौले परतली जातात, पडवीला झड लागू नये म्हणून झावळ्या बांधल्या जातात आणि पुरुमेताचे जिन्नस उन्हे देऊन डब्यांत भरले जातात. मोरजीसारख्या समुद्रकाठच्या गावात याच दिवसांत आणखी एका छपराकडे पाहायला हवे, आणि नेमके तेच राहून जाते. ते छप्पर म्हणजे अंगणात उभ्या असलेल्या जुन्या पिकअपची केबिन. १९८८ साली टाटांची ‘टाटामोबाईल’ आली, तेव्हापासून अशा गाड्यांनी मासळी, नारळ, चिरे वाहून कित्येक घरांचा चरितार्थ चालविला आहे.

पाऊस स्थिरावला की चालकाच्या पायांखालची चटई ओली लागू लागते. संशय पुढच्या काचेवर जातो, मग दारांच्या रबरांवर जातो. ती बदलली तरी ओल कायम राहते. पुष्कळदा पाणी शिरते ते मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून. आसनामागच्या पत्र्यावरून ओघळत ते चटईखाली साचते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तशातला हा प्रकार. खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. मात्र आरंभ खालून करून हळूहळू वर जावे. वरून पाणी सोडले तर सगळीकडेच ओघळ दिसतात आणि मूळ छिद्र सापडत नाही.

ही काच जागेवर धरून ठेवते ती दोन खाचांची रबरपट्टी. एका खाचेत काच बसते, दुसरीत केबिनच्या पत्र्याची कड. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत कडक; गंधक मिसळून तापविल्यावर ते टिकाऊ बनते. चार्ल्स गुडइयर याने १८४४ साली या क्रियेचे अमेरिकेत पेटंट घेतले. परंतु असे रबरही अमर नव्हे. ऊन आणि हवेतील ओझोन यांनी ते कडक होते, आकसते, आणि जेथे ताण अधिक तेथे प्रथम तडकते. म्हणूनच कोपरे आधी जातात. खाऱ्या वाऱ्याचे निराळेच. तो रबराला फारसे काही करीत नाही. तो पत्र्याला खातो. त्यात मासळीचे बर्फ वितळून हौद्यात खारे पाणी वाहत असेल, तर गंजाला आमंत्रणच.

रबर बदलले की काम संपले, ही समजूत येथेच फसते. भेगेवर सिलिकॉन थापण्याची युक्तीही तशीच. सिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्यावर गंज वाढविते. शिवाय आत शिरलेले पाणी आतच अडकते. बाहेरून सारे आलबेल दिसते आणि आत कड भुगा होत असते.

तेव्हा काच काढणेच भाग आहे. जुने रबर वाचविण्याचा मोह धरू नये. धारदार सुरीने त्याची आतली ओठाळी कापून टाकावी. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटणे घातक. मागची काच बहुधा कडक केलेली असते. तिच्या पाठीवर तळहाताने जोर दिला तर ती सोसते, पण कडेला लोखंड लागले की सबंध काच क्षणात खड्यांचा ढीग होते. एकाने आतून तळव्यांनी रेटावे आणि दुसऱ्याने हौद्यात उभे राहून ती झेलावी.

खरे काम त्यानंतरचे. कड तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावी. भोके पडली असतील तर लांबी भरून वेळ मारून नेऊ नये. तेवढा पत्रा कापून नवा जोडून घ्यावा. मग प्रायमर, मग रंग, आणि तो पुरता सुकण्यास अवधी. गाडी चार दिवस उभी राहणे म्हणजे चार दिवसांची भाडी बुडणे, हे खरे. पण ही झीज भर पावसाळ्यात सोसण्यापेक्षा वैशाखात सोसलेली बरी.

नवी पट्टी म्हापशाला आणावयास जाताना जुनीचा तुकडा बरोबर न्यावा, कारण काचेची व पत्र्याची जाडी गाडीगणिक वेगळी असते. लांबीवर मिळणारी पट्टी किंचित अधिकच कापावी आणि सांधा कोपऱ्यावर येऊ देऊ नये. पट्टी आधी काचेवर चढवावी. पत्र्याच्या खाचेत भोवताली गुळगुळीत दोरी भरून तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी आत सोडावीत. साबणाचे पाणी सढळ हाताने लावावे. तेल किंवा ग्रीस मात्र नको, त्याने रबर फुगते. मग बाहेरच्याने काच दाबून धरावी आणि आतल्याने दोरी हळूहळू ओढावी. दोरी निघत जाते तसतशी ओठाळी कडेवरून आत येऊन बसते. घाई केली की रबर फाटते.

काच बसल्यावर पुन्हा नळीची परीक्षा घ्यावी. चटई मात्र लगेच अंथरू नये. तिच्या जागी वर्तमानपत्राचे कागद पसरून ठेवावेत आणि मृगाची पहिली मोठी सर येऊन गेल्यावर ते उचलून पाहावेत.