लाकडाची तहान

पावसाळ्यात घराचे दार फुगून चौकटीत घट्ट बसते आणि उन्हाळ्यात तेच दार सहज उघडते. असे का व्हावे? झाड तोडले, फळ्या वाळवल्या, तरी लाकडाची तहान संपत नाही. दमट हवेत ते ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत तो गमावून आकसते. मात्र हा फरक लाकडाच्या रुंदीत पडतो. त्याच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, तो नसल्यासारखाच असतो.

गिटार या वाद्यात ही गोष्ट स्पष्ट दिसते. तिच्या दांडीवर आडव्या खाचांत धातूचे बारीक पडदे बसवलेले असतात. गोव्याच्या दमट हवेतील गिटार मे महिन्यात नागपुरास नेली, तर दांडी रुंदीत किंचित आकसते. धातूला ओलाव्याची तहान नसते. पडदे होते तेवढेच राहतात. मग त्यांची टोके कडेला बाहेर येऊन वादकाच्या हातास बोचतात. वाद्याच्या पोटावरची पातळ फळीही खाली बसते, तारा पडद्यांना लागून खरखरतात आणि प्रसंगी फळीस तडा जातो. शिवाय उष्णतेने तारा लांबून स्वर उतरतो, तो वेगळाच.

म्हणून जाणते वादक गिटार उन्हात ठेवीत नाहीत. ती पेटीत ठेवून तेथील आर्द्रता ते ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखतात. लाकडाची तहान ज्याने ओळखली, त्याच्याच हाती वाद्य दीर्घकाळ सुरेल राहते.