लॅपटॉप पोचले, गणित तिथंच

नोव्हेंबर २००५. ट्युनिसच्या जागतिक परिषदेत संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपोंटे यांनी शाळकरी मुलांसाठीचा शंभर डॉलरचा लॅपटॉप दाखवला. वीज नसेल तिथं फिरवायला त्याला एक हँडल होतं. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ते फिरवायला घेतलं आणि ते हातातच आलं. पुढं किंमतही दोनशे डॉलरच्या घरात गेली, पण उत्साह ओसरला नाही. २००७ मध्ये हे लॅपटॉप आपल्याकडं रायगडच्या कर्जत तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेतही आले. ठिकठिकाणच्या बातम्यांत मुलांचे खुललेले चेहरे दिसायचे. त्या मुलांना गणित किती आलं, हे त्यातून कळायची सोय नव्हती.

ती सोय पेरू या देशामुळं झाली. तिथल्या सरकारनं आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी ग्रामीण भागातल्या ३१९ शाळा तपासल्या. कुणाला लॅपटॉप आधी द्यायचे, हे सोडतीसारख्या पद्धतीनं ठरलं होतं. त्यामुळं तुलना खरी झाली.

साधारण सव्वा वर्षानंतरचा निकाल २०१२ मध्ये आला. गणितात आणि भाषेत फरक नाही. तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली. प्रत्येक लॅपटॉपमध्ये २०० पुस्तकं भरलेली होती आणि बहुतेक घरांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही पुस्तकं नव्हती. तरी वाचनाची सवय वाढली नाही. इंटरनेट जवळपास कुठंच नव्हतं. लॅपटॉप घरी नेणारी मुलं जेमतेम ४० टक्के. दहा वर्षांनंतरच्या पाठपुराव्यातही अभ्यासात फायदा आढळला नाही आणि तर्कबुद्धीतली ती वाढही टिकलेली दिसली नाही. संगणक वापरायला मात्र मुलं शिकली.

मग यंत्रच कुचकामी का? २०१५ मध्ये दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांवर माध्यमिक वयाच्या मुलांसाठी एक प्रयोग झाला. तिथंही प्रवेश सोडतीनं दिला. सॉफ्टवेअर आधी मुलाची खरी पातळी तपासायचं आणि सातवीतला मुलगा तिसरीच्या गणितात अडकला असेल तर तिथूनच सुरुवात करायचं. जोडीला शिकवणारं माणूसही होतं. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांच्या साधारण दुप्पट भरली.

दोन्हीकडं पडदा आणि कळफलक होतेच. फरक पडला तो मुलासमोर काय आलं यामुळं. आणि हा फरक कळला, कारण काही मुलांना काही दिलं नव्हतं आणि तरी त्यांचीही परीक्षा घेतली होती. वाटपाचे आकडे मोजणाऱ्या योजनांत हा दुसरा गट नसतो, म्हणून त्या अपयशी ठरतच नाहीत.