प्रकाशझोतातला शुक्रवार : रात्रीच्या फुटबॉलचे फोटो कसे काढावेत

२८ सप्टेंबर १८९२ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, मॅन्सफील्ड या गावी, विजेच्या दिव्यांखाली अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. रात्री खेळला गेलेला या खेळाचा हा पहिला सामना मानतात. तो मध्यंतरालाच थांबवावा लागला, कारण दिव्यांचा उजेड पुरेना. आज अमेरिकेतल्या हजारो हायस्कुलांची मैदाने रात्री झगमगतात आणि खेळाडूंना तो उजेड पुरतो. कॅमेऱ्याला मात्र तो अजूनही जेमतेमच पुरतो.

अमेरिकेत हायस्कूल फुटबॉलचा वार शुक्रवार. १९६१ च्या एका संघीय कायद्यामुळे हंगामातल्या शुक्रवारच्या रात्री व्यावसायिक सामन्यांच्या प्रक्षेपणापासून व्यवहारात मोकळ्या राहिल्या. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत दर शुक्रवारी गाव मैदानावर लोटते. टेक्साससारख्या राज्यात तर हा गावाचा उत्सवच असतो. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलेमुलीही या मैदानांवर असतात, कुणी संघात तर कुणी बँडमध्ये. आईवडील गॅलरीतून फोटो काढतात आणि घरी येऊन पाहतात तो काळे आभाळ, पांढरे डाग आणि हललेले चेहरे. असे का होते, आणि काय केले म्हणजे होणार नाही, ते क्रमाने पाहू.

उजेड किती कमी असतो?

मैदानात शिरल्यावर सगळे लख्ख वाटते, कारण आपले डोळे मंद उजेडाला पटकन सरावतात. मोजमाप वेगळेच सांगते. साधारण दिवे असलेल्या शाळेच्या मैदानावर कॅमेऱ्याला मिळणारा प्रकाश भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतका असतो. शिवाय तो सगळीकडे सारखा नसतो. दिव्यांचे खांब मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना असतात, त्यामुळे मधला पट्टा उजळ असतो आणि कोपरे व दोन्ही टोकांचे एंड झोन अंधारलेले. गुण तर बहुतेक एंड झोनमध्येच मिळतात. म्हणजे सर्वांत महत्त्वाचा क्षण बहुधा सर्वांत कमी उजेडात घडतो.

त्यात हेल्मेटची भर. प्रकाश वरून, तिरका पडतो आणि हेल्मेटच्या कडेची सावली नेमकी डोळ्यांवर येते. खेळाडू मान वर करून चेंडूकडे पाहतो तेव्हाच त्याचा चेहरा उजळतो.

शटर, छिद्र आणि आयएसओ

प्रकाश कमी असला की कॅमेऱ्याकडे तीनच उपाय उरतात : शटर जास्त वेळ उघडे ठेवणे, लेन्सचे छिद्र मोठे करणे किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवणे.

पहिला उपाय खेळात चालत नाही. सेकंदाला ८ मीटर वेगाने आडवा धावणारा खेळाडू १/६० सेकंदात १३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, त्यामुळे त्याचा चेहरा पुसल्यासारखा दिसतो. १/५०० सेकंदात तो दीड सेंटिमीटरच्या आसपास सरकतो, १/१००० सेकंदात एक सेंटिमीटरही नाही. म्हणून १/५०० ही खालची मर्यादा धरावी आणि उजेड परवानगी देईल तिथे १/८०० किंवा १/१००० वर जावे. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय इथे तारत नाही. ती आपल्या हाताची थरथर सावरते, खेळाडूचा वेग तिला थांबवता येत नाही.

दुसरा उपाय खर्चिक, पण सर्वांत परिणामकारक. छिद्राचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ ५.६ च्या तुलनेत एफ २.८ ला चौपट प्रकाश आत येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी ७५-३०० सारखी स्वस्त झूम लेन्स लांब टोकाला एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. क्रीडा छायाचित्रकारांच्या हातात ७०-२०० एफ २.८ दिसते ती याचसाठी. तिची किंमत झेपत नसेल तर ८५ मिलिमीटर एफ १.८ ही साधी, झूम नसलेली लेन्स घ्यावी. ती एफ २.८ च्या सुमारे अडीचपट प्रकाश घेते आणि किमतीला पुष्कळ हलकी असते. तिच्याने मैदानाच्या पलीकडचा खेळाडू जवळ येणार नाही, पण आपल्या बाजूने धावत येणारा उत्तम टिपता येईल.

शटर आणि छिद्र ठरल्यावर उरलेली तूट आयएसओने भरायची. इथे बहुतेक जण कचरतात. आयएसओ वाढवला की फोटो दाणेदार होतो हे खरे, पण दाणे मुळात प्रकाशाच्या तुटवड्यातून येतात. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर प्रकाशकण कमी पडले की शेजारशेजारच्या बिंदूंतला फरक उठून दिसतो. आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो काढला आणि घरी संगणकावर उजळला, तरी तेच दाणे वर येतात, अनेकदा अधिक कुरूप होऊन. तेव्हा आयएसओ धीटपणे वाढवावा. दाणेदार फोटो छापता येतो, जपता येतो. हललेल्या फोटोला दुरुस्ती नाही.

फिल्मच्या काळात छायाचित्रकार ४०० वेगाची ट्राय-एक्स फिल्म १६०० ची समजून वापरत आणि जास्त वेळ धुऊन काढत. २००७ मध्ये निकॉनचा डी३ आला आणि आयएसओ ६४०० वर वापरण्याजोगा रंगीत फोटो मिळू लागला. आज मध्यम किमतीचा कॅमेराही तिथवर सहज पोहोचतो. मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरला लहान एपीएस-सी सेन्सरच्या दुपटीहून अधिक क्षेत्र मिळते, म्हणून त्याचे चित्र अधिक स्वच्छ येते. फोनचा सेन्सर फार लहान असतो. त्याचा नाइट मोड अनेक फोटो एकत्र जोडून अंधारावर मात करतो, पण समोरचा माणूस धावत असेल तर ही जोडणी फसते. फोनने गॅलरीचे आणि बँडचे फोटो काढावेत, धावपळीचे काढायला जाऊ नये.

सुरुवातीला एफ २.८, १/५०० सेकंद आणि आयएसओ ६४०० ठेवा. त्याच उजेडात ८५ एफ १.८ ला सुमारे २५०० आयएसओ पुरेल, तर एफ ५.६ च्या झूमला २५६०० लागेल. लेन्सवर पैसे का खर्च करावेत, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

हे सारे मॅन्युअल मोडवर करावे. कॅमेऱ्यावर सोपवले तर मागचे काळे आभाळ पाहून तो फोटो नको तितका उजळतो आणि पांढऱ्या जर्सी जळून जातात. खेळाडू सराव करत असतानाच मैदानाच्या मध्यावर आणि एंड झोनमध्ये एकेक फोटो काढून पाहावा आणि दोन्ही ठिकाणचे आयएसओ लक्षात ठेवावेत. हंगामाच्या सुरुवातीला सामना उजेडी सुरू होतो आणि पहिल्या अर्ध्यातच सूर्य मावळतो, तेव्हा दर काही मिनिटांनी आयएसओ चढवत न्यावा लागतो. नोव्हेंबरमध्ये पहिल्या चेंडूपासूनच रात्र असते, त्यामुळे एकदा बसवलेले आकडे शेवटपर्यंत चालतात.

दिवे लुकलुकतात

लागोपाठ काढलेल्या दहा फोटोंपैकी तीन पिवळट, दोन काळपट आणि बाकीचे ठीक, असे दिसले तर कॅमेरा बिघडला असे समजू नका. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे आणि जुने मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला १२० वेळा मंद-तेज होतात. त्यांचा रंगही त्याबरोबर बदलतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/५०० सेकंदाचे शटर या चढउताराचा एक तुकडाच पकडते. तो कधी तेजाचा असतो, कधी मंदीचा.

कॅननने २०१४ मध्ये ७डी मार्क २ या कॅमेऱ्यात फ्लिकर, म्हणजे ही लुकलुक, टाळण्याची सोय आणली आणि पुढे इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही ती आली. कॅमेरा दिव्याची लय ओळखतो आणि तेज टोकाला असतानाच शटर उघडतो. फोटोंचा वेग थोडा घटतो, पण उजेड आणि रंग सारखा मिळतो. आपल्या कॅमेऱ्याच्या मेनूत ही सोय शोधून ती चालू करावी. नवे एलईडी दिवे असलेल्या मैदानांवर हा त्रास पुष्कळ कमी असतो. रंग नंतर सावरता यावा म्हणून फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्येच घ्यावेत.

फोकस

अंधारात कॅमेऱ्याला कडा नीट सापडत नाहीत आणि फोकस भरकटतो. सतत फोकस घेणारा मोड निवडावा आणि बिंदू खेळाडूच्या छातीवरच्या क्रमांकावर ठेवावा. गडद जर्सीवरचा पांढरा आकडा कॅमेऱ्याला चटकन सापडतो. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पंचही तितक्याच चटकन सापडतो, म्हणून तो मध्ये येणार नाही अशी जागा घ्यावी. चेंडू हलण्याआधीच खेळाडूवर फोकस धरून ठेवावा. खेळ सुरू झाल्यावर शोधायला गेलात तर उशीर होतो.

उभे कुठे राहायचे, बटण केव्हा दाबायचे?

यंत्राचा भाग इथे संपतो आणि खेळ समजण्याचा भाग सुरू होतो. चांगला फोटो बहुतेक वेळा इथेच ठरतो. दिवे वाढवणे आपल्या हातात नाही. उजेड असेल तिथे आणि हालचाल मंदावते त्या क्षणी तयार असणे आपल्या हातात आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, चेंडू जमिनीवर ठेवला जातो आणि खेळाडू समोरासमोर उभे राहतात. ही उसंत फोटो काढणाऱ्याला जागा बदलायला मिळते. चेंडूच्या रेषेपासून दहा-पंधरा यार्ड पुढे, आक्रमण करणारा संघ ज्या दिशेने जाणार त्या बाजूला सीमारेषेबाहेर उभे राहावे. मग धावणारा खेळाडू आपल्याकडे येतो आणि त्याचा चेहरा दिसतो. दुसरा फायदा असा की आपल्या दिशेने येणाऱ्याची हालचाल चित्रात आडव्या धावणाऱ्यापेक्षा कमी जाणवते, त्यामुळे १/५०० पुरते. संघ एंड झोनच्या वीस यार्डांच्या आत आला की मैदानाच्या टोकाला, शेवटच्या रेषेमागे जावे.

चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर फेकताना त्याची छाती त्याच्या उजव्या कडेला वळते. म्हणून त्याच्या उजव्या हाताच्या सीमारेषेवरून चेहरा आणि चेंडू दोन्ही मिळतात. डाव्या बाजूने दिसते ती बहुतेक पाठच.

प्रत्येक हालचालीत एक थबकलेला क्षण असतो. झेल घ्यायला उडालेला खेळाडू उडीच्या टोकाला क्षणभर वरही जात नसतो आणि खालीही येत नसतो. क्वार्टरबॅक हात पूर्ण मागे नेतो आणि पुढे आणण्याआधी थांबतो. धावणारा दिशा बदलताना पाय रोवतो. या क्षणांत वेग सर्वांत कमी असतो आणि भाव सर्वांत तीव्र. नजर तयार झाली की लहान लहान झपाक्यांत, तीन-चार फोटोंच्या हप्त्याने बटण दाबावे. सतत दाबून ठेवले की कार्ड भरते आणि नेमक्या वेळी कॅमेरा अडून बसतो.

एक गुडघा टेकून काढलेल्या फोटोत हेल्मेटखालचा चेहरा दिसतो आणि खेळाडू भारदस्त वाटतो. पण दुसरा पाय उठायला मोकळा हवा. पूर्ण वेगातला खेळाडू सीमारेषेबाहेर येतो तेव्हा त्याला थांबता येत नाही. नजर कॅमेऱ्यात असतानाही दुसरा डोळा उघडा ठेवण्याची सवय लावावी. संघाच्या खेळाडूंसाठी राखलेल्या पट्ट्यात शिरू नये, पंचांच्या वाटेत उभे राहू नये.

फ्लॅशचा मोह टाळावा. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे तीस यार्डांवर तो जवळजवळ निकामी असतो. शिवाय चेंडू झेलणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत तो चमकतो. अनेक ठिकाणी त्याला मनाईही असते.

खेळाच्या पलीकडचे फोटो

सर्वांत जपले जाणारे फोटो अनेकदा चेंडूचे नसतात. हेल्मेट काढून बाकावर बसलेली मुले, प्रशिक्षकाचे शब्द, मध्यंतरातला मार्चिंग बँड यांत वेग कमी असतो. शटर १/२५० वर आणता येते आणि आयएसओ निम्मा करता येतो. टेक्सासात होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या, दिवशी मुली शेवंतीचे मोठे फूल, लांब फिती आणि घुंगरे छातीवर मिरवतात. रंग आणि तपशील टिपायला याहून चांगला विषय नाही. हंगामातल्या घरच्या शेवटच्या सामन्याला बारावीची मुले आईवडिलांचा हात धरून मैदानात येतात. त्या फोटोसाठी एफ २.८ ऐवजी एफ ४ ठेवावे, म्हणजे तिघांचेही चेहरे स्पष्ट येतात.

ही सगळी अल्पवयीन मुले आहेत, हे विसरू नये. सीमारेषेवर जाण्याआधी शाळेची परवानगी घ्यावी. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो जाहीर करण्याआधी पालकांना विचारावे. दुखापत होऊन पडलेल्या मुलावर कॅमेरा रोखू नये.

घरी आल्यावर निवड कठोरपणे करावी आणि चेहरा नसलेले, हललेले फोटो काढून टाकावेत. दाणे कमी करण्याची साधने आता फार सुधारली आहेत. अ‍ॅडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आणलेली डीनॉइजची सोय रॉ फाइलवर चांगले काम करते. ती बेतानेच वापरावी, नाहीतर चेहरे मेणाचे दिसू लागतात.

हेच गणित महाराष्ट्रातल्या प्रकाशझोतातल्या कबड्डीला आणि टेनिस बॉल क्रिकेटला लागू पडते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तसे दिवे इथे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फ्लिकरची सोय तेही ओळखते. कबड्डीत मैदान लहान आणि खेळाडू जवळ, त्यामुळे ८५ एफ १.८ तिथे फुटबॉलपेक्षाही अधिक कामाला येते.

तेव्हा पुढच्या सामन्याला अर्धा तास आधी पोहोचा, आकडे बसवून घ्या आणि पहिला अर्धा तास एकाच खेळाडूवर लक्ष ठेवा. तो केव्हा थबकतो हे कळले, की तुमच्याकडे आहे त्याच कॅमेऱ्याने चांगले फोटो मिळू लागतील. नवी लेन्स त्यानंतर घ्या.